नाताळच्या सुटीत घरच्यांसोबत ब्रिटिश विनोदी चित्रपट कसे पाहावेत

डिसेंबरचा तिसरा आठवडा आला की सोलापुरात संध्याकाळी बरा गारवा पडतो, पेटीतल्या चादरी बाहेर निघतात, शाळांच्या स्नेहसंमेलनांची धावपळ सरते आणि नाताळची सुटी लागते. वर्षभरात आजी-आजोबांपासून दुसरीतल्या नातवंडापर्यंत सगळे एका खोलीत बसू शकतील असे हे मोजके दिवस असतात. त्या संध्याकाळी काय पाहावे, हा प्रश्न आमच्या घरी काही वर्षांपूर्वी उभा राहिला आणि त्याचे उत्तर मला ब्रिटनमध्ये नाताळाच्या सुमारास दाखवल्या जाणाऱ्या कौटुंबिक विनोदी चित्रपटांत सापडले. मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. माझ्या सासूबाईंना इंग्रजी येत नाही, शेजारच्या आजी घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलतात, मुलांना इंग्रजी वाचता येते पण भरभर बोललेले कळत नाही. अशा मंडळींना सोबत घेऊन हे चित्रपट कसे पाहावेत, एवढेच येथे सांगायचे आहे.

पहिल्या वर्षी मी एक मोठी चूक केली. दर दोन मिनिटांनी चित्रपट थांबवून प्रत्येक वाक्याचा मराठी अर्थ सांगत राहिले. अर्ध्या तासाने सासूबाई मेथी निवडायला आत गेल्या, मुलांनी पतंगाची मांजा-चक्री काढली आणि चित्रपट तसाच राहिला. विनोद उलगडून सांगितला की त्याचा जीव जातो; पण त्या विनोदामागची रीत आधी ठाऊक असेल तर भाषा न कळताही माणूस नेमक्या ठिकाणी हसतो, हे मला त्यानंतर कळले. म्हणून आता आमच्याकडे नियम असा आहे की चित्रपटाआधी पाच मिनिटे मी बोलते, आणि एकदा सुरू झाला की कोणीही मध्ये अर्थ सांगायचा नाही. ही पाच मिनिटे कशी वापरायची यावरच पुढचे सगळे अवलंबून आहे.

सर्वांत आधी ब्रिटनमधला नाताळ घरात का बसून साजरा होतो ते सांगावे. पंचवीस डिसेंबरला तिथे आगगाड्या जवळजवळ पूर्ण बंद असतात, मोठी दुकाने उघडत नाहीत आणि लंडनमध्ये दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. आपली दिवाळी अंगणात, रस्त्यावर, नातेवाइकांच्या दारात असते. त्यांचा नाताळ जेवणाच्या टेबलाभोवती आणि त्यानंतर दूरचित्रवाणीसमोर असतो. त्यामुळे नाताळासाठी खास भाग तयार करण्याची प्रथा तिथे रुजली. ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकाचा नाताळचा जोडअंक घेऊन त्यातल्या आवडत्या कार्यक्रमांभोवती पेनाने गोल करायचे, ही कितीतरी घरांची सवय आहे. सासूबाईंना मी हे ‘त्यांचा दिवाळी अंक’ असे सांगितले आणि त्यांना ते लगेच पटले. दुपारी तीन वाजता राजाचे भाषण होते. ही प्रथा १९३२ साली पाचव्या जॉर्ज राजाने नभोवाणीवरून सुरू केली. त्या वेळी आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. ज्या चित्रपटांत सगळे कुटुंब एका खोलीत अवघडून बसलेले दिसते, त्यांत ही पार्श्वभूमी ठाऊक असल्याचा फार उपयोग होतो.

दिवस ठरवताना घरातल्या व्यवहाराकडे पाहावे. आपल्या भागात ज्या संध्याकाळी नळाला पाणी येते ती संध्याकाळ घेऊ नये, कारण घरातली निम्मी माणसे मोटर आणि टाकीपाशीच असतात. ख्रिस्ती शेजाऱ्यांना बोलवायचे असेल तर चोवीसची रात्र आणि पंचवीसची सकाळ त्यांची चर्चची असते, म्हणून सव्वीस तारीख योग्य. ब्रिटनमध्येही सव्वीस डिसेंबर हा ‘बॉक्सिंग डे’ म्हणून सुटीचाच दिवस असतो आणि अनेक गाजलेले कार्यक्रम त्याच दिवशी प्रथम दाखवले गेले आहेत. जेवणे साडेसातला उरकावीत आणि आठला सुरुवात करावी. लहान मुले आणि म्हातारी माणसे दोघेही साडेनऊ-दहाच्या पुढे टिकत नाहीत. कोणता चित्रपट कोणत्या सेवेवर आहे हे दरवर्षी बदलते, त्यामुळे आठवडाभर आधी शोधून ठेवावे आणि शक्य असल्यास आधीच उतरवून घ्यावा. इंग्रजी अक्षरपट्टी सुरू ठेवावी. मुलांना ऐकण्यापेक्षा वाचून अधिक कळते.

पहिल्या संध्याकाळी संवाद असलेला चित्रपट अजिबात लावू नये. मिस्टर बीनचा नाताळचा भाग घ्यावा. तो २९ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये प्रथम दाखवला गेला आणि जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. बीन झालेले नट रोवन ॲटकिन्सन यांचा चेहरा सगळे बोलतो. त्यात बीन एकटाच राहतो आणि स्वतःलाच शुभेच्छापत्रे पाठवतो: बाहेर जाऊन स्वतःच्याच दारातून पत्रे आत टाकतो आणि मग आत येऊन ती उचलताना आश्चर्याने हरखून जातो. मुले या प्रसंगी खदखदून हसली. शेजारच्या आजी मात्र हसता हसता गप्प झाल्या आणि ‘ह्याचं कुणीच नाही काय?’ असे म्हणाल्या. ब्रिटिश विनोदाची ही जात पहिल्याच संध्याकाळी दिसली तर पुढचे चित्रपट समजायला सोपे जातात, कारण त्यांपैकी बहुतेकांत हसू आणि एकटेपणा हातात हात घालून येतात. टर्कीत डोके अडकण्याचा प्रसिद्ध प्रसंग याच भागात आहे. टर्की हा कोंबडीहून कितीतरी मोठा पक्षी असतो आणि नाताळच्या जेवणात तो अख्खा भाजून ठेवतात, एवढे आधी सांगितले की पुरे.

त्याच रात्री वेळ उरल्यास ‘शॉन द शीप’ मालिकेतला २०२१ सालचा नाताळ विशेष भाग, ‘द फ्लाइट बिफोर ख्रिसमस’, लावावा. त्यात एकही नीट शब्द नाही. मेंढ्या बें-बें करतात आणि शेतकरी नुसता पुटपुटतो. कळपासाठी मोठा मोजा मिळवायचा हट्ट शॉन हा मेंढा धरतो आणि त्या गडबडीत टिमी हे छोटे कोकरू हरवते. नाताळच्या आदल्या रात्री मुले मोजा टांगून ठेवतात आणि त्यात भेटवस्तू येतात, ही रीत त्याआधी सांगावी. धनगरवाड्यावर मेंढ्या पाहिलेल्या माणसाला हा भाग वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

दुसरी संध्याकाळ ‘द रॉंग ट्राउझर्स’साठी राखून ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. निक पार्क यांनी मातीच्या बाहुल्यांतून घडवलेला हा जेमतेम अर्ध्या तासाचा चित्रपट २६ डिसेंबर १९९३ रोजी बीबीसीने दाखवला आणि पुढे त्याला ऑस्कर मिळाले. कथा नाताळची नाही, पण ती बॉक्सिंग डेच्या घरगुती संध्याकाळी ब्रिटनच्या घराघरांत पोचली आणि तिथल्या लोकांच्या मनात नाताळाशी जोडली गेली. वॉलेस हा चीजवेडा, भोळा संशोधक आणि ग्रोमिट हा त्याचा समजूतदार कुत्रा. पैशांची ओढाताण होते म्हणून वॉलेस घरातली खोली भाड्याने देतो, भाडेकरू म्हणून एक पेंग्विन येतो, आणि तो हळूहळू ग्रोमिटची खोली आणि मालकाचा लोभ दोन्ही बळकावतो. भाडेकरू घरात येऊन घरच्यालाच परका करतो, ही गोष्ट आपल्याकडे कोणाला सांगावी लागते? पाच मिनिटांत मी फक्त एवढेच सांगितले की हा पेंग्विन डोक्यावर लाल रबरी हातमोजा चढवतो तेव्हा लोक त्याला कोंबडी समजतात.

पाहताना मुलांचे लक्ष ग्रोमिटच्या कपाळाकडे वेधावे. त्याला तोंडच दिलेले नाही. सगळा अभिनय भुवयांच्या जागी असलेल्या मातीच्या त्या उंचवट्यात आहे. तो किंचित खाली दाबला की राग, मधोमध वर उचलला की दुःख. पडद्यावरच्या एका सेकंदात चोवीस चौकटी असतात आणि कलाकार बाहुली हाताने तसूभर हलवून एकेक चौकट टिपत जातात. शेवटच्या आगगाडीच्या पाठलागात रूळ संपत येतात आणि ग्रोमिट गाडीच्या टोकावर बसून हातातल्या डब्यातून एकेक रूळ काढून चालत्या गाडीपुढे टाकत जातो. आमच्या घरात त्या क्षणी सगळे सतरंजीवर पुढे सरकले होते. चित्रपट संपल्यावर मुलांना कणकेचा गोळा द्यावा आणि भुवया करायला सांगावे. सासूबाईंनी स्वतः एक ग्रोमिट केला, आणि तो दोन दिवस देवघराच्या फळीवर होता.

तिसऱ्या संध्याकाळपासून संवादाचे चित्रपट घेता येतात, पण त्याआधी जेवणाच्या टेबलावरच्या रीती समजल्या पाहिजेत. जवळपास प्रत्येक ब्रिटिश नाताळपटात माणसे डोक्यावर चुरगळलेले कागदी मुकुट घालून गंभीरपणे जेवताना दिसतात आणि नवख्या प्रेक्षकाला वाटते की कोणाचा तरी वाढदिवस आहे. हे मुकुट ‘क्रॅकर’मधून निघतात. टॉम स्मिथ नावाच्या लंडनच्या मिठाईवाल्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा प्रकार सुरू केला. गोळीच्या वेष्टणासारखी दोन्ही टोकांना पिळलेली कागदी नळी दोघांनी दोन बाजूंनी ओढायची, ती ‘फट्’ आवाज करून फाटते आणि आतून एक मुकुट, एक क्षुल्लक वस्तू आणि एक ठरावीक रटाळ विनोदाची चिठ्ठी निघते. विनोद रटाळ असणे हीच त्यातली मजा असते; सगळ्यांनी मिळून कण्हायचे असते.

हे क्रॅकर घरी करून पाहावेत, कारण सांगण्यापेक्षा करण्याने ते पक्के लक्षात राहते. संक्रांत जवळ आलेली असल्याने दुकानांत पतंगाचा रंगीत कागद येऊ लागलेला असतो. पुठ्ठ्याची छोटी नळी घ्यावी, आत चिक्कीचा तुकडा आणि घडी केलेला कागदी मुकुट ठेवावा, चिठ्ठीवर घरातलेच एखादे कोडे किंवा गमतीचा उखाणा लिहावा, बाहेरून पतंगाचा कागद गुंडाळून दोन्ही टोके दोऱ्याने आवळावीत. आवाज होत नाही, म्हणून ओढताना सगळ्यांनी तोंडानेच ‘फट्’ म्हणायचे, असे आमच्या मुलांनी ठरवले. मुकुट घालून बसलेल्या सासूबाईंनी नंतर पडद्यावर तसेच मुकुट पाहिले तेव्हा त्यांना काही विचारावे लागले नाही.

बाकी रीती थोडक्यात सांगाव्यात. सांताला तिथे ‘फादर ख्रिसमस’ असेही म्हणतात, आणि त्याच्यासाठी सुक्या मेव्याचे सारण भरलेली छोटी ‘मिन्स पाय’ व त्याच्या रेनडिअरसाठी गाजर ठेवतात. ब्रसेल्स स्प्राउट म्हणजे लिंबाएवढ्याहून लहान कोबी. तो मुलांना नकोसा असतो आणि तरी ताटात वाढला जातो, आपल्याकडे कारले वाढले जाते तसा.

‘आर्थर ख्रिसमस’ हा २०११ सालचा ॲनिमेशनपट एकत्र कुटुंबात पाहण्यासाठीच जणू लिहिला गेला आहे. ब्रिस्टलच्या आर्डमन या संस्थेने, म्हणजे वॉलेस-ग्रोमिट घडवणाऱ्यांनीच, तो केला. त्यात सांताचे पद वंशपरंपरेने चालते. आजोबा निवृत्त होऊनही ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द सोडत नाहीत, वडील पद सोडायला तयार नाहीत, थोरला मुलगा सगळा कारभार यंत्रांवर आणून बसलेला आणि धाकटा आर्थर मुलांच्या पत्रांना उत्तरे लिहिणारा, सगळ्याला घाबरणारा. कोट्यवधी भेटी पोचतात आणि कॉर्नवॉलमधल्या एका लहान मुलीची सायकल राहून जाते. बाकीचे म्हणतात, एकच तर राहिली. आर्थरला ते सहन होत नाही. आपल्याकडे किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला, या प्रश्नावर घरे धुमसतात. जेवणानंतर तिन्ही पिढ्या पटावरचा खेळ खेळताना भांडतात तो प्रसंग त्यामुळे आमच्या खोलीत फार शांतपणे पाहिला गेला आणि मग एकदम हशा पिकला. आधी पात्रांचे नाते कागदावर वंशावळीसारखे काढून दाखवावे.

‘पॅडिंग्टन’ (२०१४) आणि ‘पॅडिंग्टन २’ (२०१७) हे दोन्ही ब्रिटनमध्ये नोव्हेंबरात, नाताळाच्या तोंडावर प्रदर्शित झाले. पेरूच्या जंगलातून आलेले अस्वलाचे पिल्लू लंडनच्या स्थानकावर गळ्यात चिठ्ठी अडकवून बसलेले असते: या अस्वलाची काळजी घ्यावी. मूळ लेखक मायकेल बॉन्ड यांनी १९५६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी दुकानातल्या फळीवर एकटेच उरलेले खेळण्यातले अस्वल पाहून पत्नीसाठी विकत घेतले. पहिले पुस्तक १९५८ साली आले. युद्धकाळात लंडनमधून खेड्यांकडे पाठवलेल्या मुलांच्या गळ्यात अशाच चिठ्ठ्या असत, आणि त्या बॉन्ड यांच्या डोळ्यांसमोर होत्या. हे सारे आधी सांगावेच. आमच्या शेजारच्या आजींचे सासर मागावर काम करण्यासाठी तेलंगणातून सोलापुरात आलेले. ते पिल्लू स्थानकावर बसलेले दिसताच त्या म्हणाल्या, ‘ह्याला उतरवून घ्यायला कोण आलंच नाही?’ त्यानंतर पूर्ण चित्रपटभर त्यांना इंग्रजीची अडचण जाणवली नाही.

दुसऱ्या भागातला ह्यू ग्रँट यांचा खलनायक मुलांना अतिरंजित वाटण्याची शक्यता आहे. त्यामागे ब्रिटनची ‘पँटोमाइम’ ही नाताळातली नाट्यपरंपरा आहे: पुरुष भडक पोशाखात म्हातारी बाई होतो, प्रेक्षक ओरडून पात्रांना सावध करतात, खलनायकाची हुर्यो उडवतात. गण-गवळणीतली मावशी ज्यांनी पाहिली आहे त्यांना एवढा इशारा पुरतो.

वयाचा विचार करताना ब्रिटनमधील प्रमाणपत्रे पाहावीत. ‘यू’ सर्वांसाठी, ‘पीजी’ पालकांच्या नजरेखाली, आणि ‘१५’ म्हणजे पंधरा वर्षांखालील मुलांसाठी नाही. पॅडिंग्टनचे दोन्ही भाग ‘पीजी’ आहेत, ‘आर्थर ख्रिसमस’ ‘यू’ आहे. ‘लव्ह ॲक्च्युअली’ (२००३) नाताळाच्या प्रत्येक यादीत आढळतो, पण त्याला ‘१५’ प्रमाणपत्र आहे. तो मुले झोपल्यावर पाहण्याचा. ‘द व्हिकर ऑफ डिबली’ या मालिकेचा १९९६ चा नाताळचा भागही मोठ्यांसाठी ठेवावा. त्यात खेड्यातल्या धर्मगुरू बाई कोणाचेही मन मोडवत नाही म्हणून एकाच दिवशी एकामागून एक घरी पोटभर जेवत राहतात. पंक्तीत आग्रहाने वाढणाऱ्या आपल्या लोकांना त्यांच्या चेहऱ्यावरची व्यथा अचूक कळते. इंग्लंडच्या चर्चने स्त्रियांना पुरोहितपद १९९४ साली प्रथम दिले आणि मालिका त्याच वर्षी सुरू झाली, हे आधी सांगितल्यास गावकऱ्यांचा अवघडलेपणा नीट समजतो.

शेवटची संध्याकाळ ‘नेटिव्हिटी!’ (२००९) या चित्रपटाची. माझ्या मते सोलापुरातल्या घराला याहून जवळचा ब्रिटिश चित्रपट नाही, आणि म्हणूनच तो शाळेचे स्नेहसंमेलन नुकतेच होऊन गेलेले असताना पाहावा. ब्रिटनच्या प्राथमिक शाळांत नाताळाआधी येशूजन्माचे नाटक मुले करतात: मरिया, योसेफ, गव्हाणीतले बाळ, डोक्याला स्वयंपाकघरातले पुसणे बांधलेले मेंढपाळ, पांढऱ्या चादरीतले देवदूत. आईवडील खुर्च्यांवर दाटीने बसून डोळे पुसतात. कथेतल्या कॉव्हेंट्री शहरातल्या साध्या शाळेचे शिक्षक मॅडन्स (मार्टिन फ्रीमन) नाताळावर रुसलेले आहेत, आणि शेजारच्या श्रीमंत शाळेच्या नाटकाची दरवर्षी वाहवा होते. प्रतिस्पर्ध्यासमोर कमीपणा नको म्हणून ते एक थाप मारतात की आमचे नाटक चित्रित करायला हॉलिवूडचे लोक येणार आहेत. मदतनीस मिस्टर पॉपी हे स्वतः मुलांहून लहान मनाचे. ते ही थाप गावभर पसरवतात आणि मग ती मागे घेता येत नाही.

दिग्दर्शिका डेबी इझिट यांनी नटांना आणि मुलांना बरेचसे प्रसंग उत्स्फूर्तपणे फुलवू दिले. त्यामुळे मुले पाठ केलेले बोलत नाहीत. अडखळतात, एकमेकांकडे पाहतात, मध्येच भलतेच उत्तर देतात. गाण्याच्या निवडचाचणीत एकेक मूल पुढे येऊन जे जमेल ते करून दाखवते, तो प्रसंग मी शिक्षिका म्हणून कितीदा जगले आहे हे सांगता येणार नाही. आवाज न लागणारी, पाय चुकणारी, तरी मध्येच थांबून न रडणारी ती मुले आमच्याच शाळेच्या रंगमंचावरची आहेत. गेल्या वर्षी आमच्या गवळणीच्या नाचात एका मुलीची घागर हातातून सुटली. तिने ती शांतपणे उचलली, कमरेवर ठेवली आणि पुढच्या ओळीला बरोबर ठेका धरला.

चित्रपटाच्या शेवटाआधी थोडे थांबवण्याची सूट मी स्वतःला देते, कारण ती जागा समजून घ्यावी लागते. नाटक ज्या छप्पर नसलेल्या भिंतींमध्ये होते ते कॉव्हेंट्रीचे जुने कॅथीड्रल आहे. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात ते जळाले. त्याच्या भिंती तशाच राखून शेजारी नवे कॅथीड्रल बांधले आणि १९६२ साली त्याचे पवित्रीकरण झाले. मोकळ्या आकाशाखाली, त्या उघड्या खिडक्यांच्या कमानींमध्ये मुले गातात. एवढे ठाऊक असले की ते दृश्य नुसत्या शाळेच्या नाटकाचे राहत नाही.

खाण्यासाठी त्यांचे पदार्थ करण्याचा खटाटोप नको. गरम शेंगापोळीवर तूप, कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही एवढे पुरते. कोणाच्या शेतावरून हुरडा आला असेल तर फारच उत्तम. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून नाताळच्या करंज्या आणि केक येतोच. ते ताट रिकामे परत करू नये, त्यात शेंगापोळ्या घालून द्याव्यात. आणि ३१ डिसेंबरची संध्याकाळ मोकळी ठेवावी, कारण मुले ‘द रॉंग ट्राउझर्स’ पुन्हा मागतात, आणि त्या वेळी पाच मिनिटे बोलण्याचे काम मुलांकडे सोपवावे.